चला ना तुम्ही पण

"किती जण, मॅडम?" फोनवरच्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, "दोन." ती म्हणाली, "दोघंच?" मी म्हटलं, "दोघंच." एवढंच झालं. पण फोन ठेवला आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की विचारू नका. समोर एक आजोबा लघवीची डबी धरून उभे होते, "बाई, ही कुठं ठेवू?" म्हणून विचारत होते, आणि मी त्यांच्याकडे बघून वेड्यासारखी हसत होते. मी जळगावात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. नाव काय, वय काय, उपाशीपोटी आलात का, चहा तर नाही ना घेतला, असं दिवसभर बोलत असते. कुणाची भीड म्हणून बाळगत नाही. तरी हा एक शब्द माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा निघाला होता. दोघंच. आवळा खाल्ल्यावर होतं तसं झालं, आधी तुरट लागला, मग घोटभर पाणी प्याले तर गोड. आजोबांना डबी ठेवायची जागा दाखवली, त्यांच्या नावाची पट्टी लिहिली आणि वयाच्या जागी दोन लिहून बसले. "बाई, इतला ल्हाना नही मी," आजोबा म्हणाले, तेव्हा कुठे भानावर आले.

आता तुम्ही म्हणाल, नवरा-बायको फिरायला निघाले, यात एवढं काय? तुमच्यात नसेल. आमच्यात 'दोन' हा आकडाच नाही. लग्न झालं त्याच आठवड्यात आम्ही देवीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, हे, हे म्हणजे योगराज, यांचे मोठे भाऊ नाना, नानांची बायको बेबावहिनी, आत्या, मावसे, कुणाचं जावळ राहिलं होतं ते पोर, आणि जीप. पुरुष पुढे, बाया मागे. मी वहिनी आणि केळीची पाटी यांच्यामध्ये. नव्या नवऱ्याची मला दिसली ती फक्त मान, तीही समोरच्या आरशात, अर्धी. वहिनी सारखी कानाशी लागून विचारायची, "उलटी व्हई राहिनी का?" मला उलटी होत नव्हती, मला रडू येत होतं, पण वहिनीनं हातावर लिंबू ठेवलं म्हणून मी ते चोखलं. त्यानंतर गड झाला, ओंकारेश्वर झालं, शिर्डी तर कितीदा झाली. दर वेळी जीप, दर वेळी पुरुष पुढे. आमच्या दोघांचा असा फोटो घरात नाही. म्हणजे फोटो ढीगभर आहेत, पण प्रत्येकात मध्ये कुणीतरी आहे. मध्ये नाना, मध्ये कुणाचं तरी बाळ, एका फोटोत तर मध्ये एक अनोळखी बाई आहे, ती कोण हे आजतागायत कुणालाच माहीत नाही. मला माणसांचा कंटाळा आहे असं समजू नका. नाना-वहिनींनी आमच्यासाठी जे केलं ते सख्ख्या आईबापानं केलं नसतं. पण माणसाला कधीतरी वाटतं ना, की बाई, एकदा आपल्या नवऱ्याचं तोंड समोरून बघावं.

रूपाली, आमची मुलगी, पुण्याला नोकरीला लागली आणि तिनंच त्या फोनवरच्या, सहली ठरवणाऱ्या मुलीचा नंबर दिला. "आई, केरळला जा. तुम्ही दोघं." तेव्हापासून माझं सुरू झालं. भाकऱ्या टाकता टाकता ओट्यावर मोबाइल टेकवून ठेवायचा आणि बघायचं. आधी मुन्नार, म्हणजे डोंगर. आपल्या सातपुड्यासारखे नव्हेत, ते सगळे चहाच्या झाडांनी हिरवे, कुणी कात्रीनं कापून ठेवल्यासारखे. मग खाली उतरायचं, अलेप्पीला. तिथं समुद्राचं पाणी गावात शिरून बसलंय, घरापुढं रस्त्याऐवजी पाणीच, आणि त्यावर लाकडी नाव, नावेतच खोली, खोलीला खिडकी. मग कोवळम, तिथं सरळ समुद्र. मी ही नावं मनातल्या मनात पाठ करायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या ऐवजी मुन्नार, अलेप्पी, कोवळम. वरणाचा पार लगदा झाला एकदा. हे म्हणाले, "वरण असं का?" मी म्हटलं, "केरळी आहे." हे बिचारे खाली मान घालून जेवले. यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत यांचे शब्द संपलेले असतात. घरी फक्त 'हं' उरतो. मी विचारलं, नाव चालेल ना? हं. खिडकी समुद्राकडची घेऊ? हं. मी म्हटलं, आणि हे बघा, आपण जाऊन येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. तेव्हा मात्र यांनी मान वर केली. "न सांगता कसं जायचं? लोक काय म्हणतील?"

त्यांचंही खरं होतं. आमच्याकडे एक रीत आहे. तुम्ही कुठंही निघालात, अगदी कोपऱ्यावर मीठ आणायला, आणि वाटेत कुणी विचारलं "कुठे चालले?" तर नुसतं उत्तर देऊन चालत नाही. वर "चला ना तुम्ही पण" म्हणायचं. म्हणजे म्हणायचंच. नाही म्हटलं तर माणूस माजला समजतात. आणि समोरच्यानंही म्हणायचं, "नको बा, आमचं कुठं जमतंय, जा तुम्ही." तेही म्हणायचंच. यांच्या दुकानाशेजारी भिकनभाऊंचं पाइपचं दुकान आहे, त्यांचा या बाबतीत हात कुणी धरणार नाही. त्यांना कुठंही बोलवा, लग्नाला, दवाखान्यात कुणाला बघायला, ते हात छातीशी नेऊन असं काही "नको बा" म्हणतील की बोलावणाऱ्याला वाटावं, आपण केवढा मान दिला आणि यांनी केवढा परत केला. या रीतीवर अख्खा खानदेश सुखानं चाललाय. तेव्हा मी यांना म्हटलं, सांगा, पण भिकनभाऊंसारख्यांना सांगा. नानांना मी वहिनींच्या कानावर घालून सांगेन, सावकाश. कारण नानांशी मी बोलत नाही. म्हणजे भांडण नाही हो. ते माझे जेठ. आमच्या घरात सुनेनं जेठाशी थेट बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, आणि काही लागलं तर वहिनीला सांगायचं, नाहीतर दाराला सांगायचं. "नानांना म्हणावं, चहा ठेवलाय," असं मी स्वयंपाकघराच्या दाराला किती वर्षं सांगत आलेय. नानाही मला काही सांगायचं तर छताकडे बघून सांगतात. अख्ख्या जळगावला लघवीची डबी मागणारी मी, पण नानांशी आजवर एक अख्खं वाक्य बोलले नव्हते.

आणि समुद्र का, ते पण सांगते. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही माझ्या माहेराहून, अमळनेरहून, एसटीनं चोपड्याकडे सासरी येत होतो. त्या दिवशी कसे कोण जाणे, दोघंच. तापीच्या पुलावर बस बंद पडली. सगळे बसमध्येच बसून राहिले, कुणी कंडक्टरशी भांडत, कुणी शेंगा खात. हे मला म्हणाले, "चल, पायी निघू पुढं." पुलावरून आम्ही चाललो. खाली पाणी कमी होतं, बाजूला टरबुजाच्या वाड्या होत्या, आणि वारा असा की पदर धरू की डोळे पुसू. मध्यावर हे थांबले, कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "हे पाणी सुरतेला समुद्राला मिळतं म्हणे. बघू एकदा." बस्स. मागून बस आली, आम्ही चढलो, हे पुढं जाऊन उभे राहिले, मी मागं बायांत. पण ते 'बघू एकदा' माझ्याजवळ राहिलं. यांच्याजवळ राहिलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं आणि हे 'हं' म्हणाले असते तर मी काय करणार होते?

तर तो रविवार. थंडी पडली की नानांकडे गावी भरीत असतं. चोपड्याच्या अलीकडे मळा आहे, एका बाजूला केळी, एका बाजूला कपाशी. कपाशीच्या काड्या पेटवून त्यात हिरवी, लांबोडकी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. हे सगळं वहिनी करते आणि मी पुऱ्या लाटते. पुरुष शेतात पंगत करून बसले होते. हे भरताचा घास घेऊन असे काही सुखावले, असे काही सुखावले, की यांच्या जिभेवरचा ताबाच सुटला. "नाना," हे म्हणाले, "आम्ही केरळला चाललो. चला ना तुम्ही पण." मी हातातलं लाटणं थांबवलं. हरकत नाही, म्हटलं, रीत आहे. आता नाना म्हणतील, नको बा. नानांनी घास खाल्ला. पाणी प्याले. मिशा पुसल्या. केळीच्या बागेकडे बघितलं. आणि म्हणाले, "चाल. कव्हय निंघानं शे?"

कधी निघायचं! देवा रे! हे कसे दिसले ते सांगू? तोंडात पुरी, पुरी आत जाईना, बाहेर येईना. वहिनी माझ्याकडे बघायला लागली, मी कढईकडे. पुरी जळली. रीतीत असं कुठंच बसत नव्हतं. नाना एवढे रीतीचे माणूस, गावात मयत असो की बारसं, काय बोलायचं ते लोक त्यांना विचारतात, आणि त्यांनी सरळ 'चाल' म्हणावं? मला हसू यावं की रडू, कळेना. आणि जेवण होईपर्यंत तर नानांनी सगळं ठरवून टाकलं. तिकडे केळी ठिबकशिवाय कशी होतात ते त्यांना बघायचं होतं. तिकडे लाल केळी असतात म्हणे, ती बघायची होती. "नुसता चहाना डोंगर दखीसन काय करनं शे?" असं ते छताकडे, म्हणजे शेतात छत नव्हतं म्हणून आभाळाकडे बघून म्हणाले. मुन्नार गेलं तिथंच. परत येताना तापीचा पूल आला, गेला. मी खिडकीतून बघितलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका, पण गंमत म्हणजे हसायलाही येत होतं. नाना जातात म्हटल्यावर वहिनी. वहिनी जाते म्हटल्यावर तिची बहीण, कारण तिला एकटीला कुणाशी बोलायचं. बहीण म्हटल्यावर तिचे मालक. मग कुणीतरी विचारलं, तिकडे खायचं काय, सगळं खोबऱ्याच्या तेलात असतं म्हणे. म्हणून वना आचारी. आचारी म्हटल्यावर शेगडी, सिलिंडर, भाकरीला कळण्याचं पीठ, आणि भरताची वांगी पाटीभर, कारण तिकडे आपल्यासारखी मिळणार नाहीत. केळी बघायला चाललेल्या माणसांनी वांगी घेऊन जायची! मी त्या फोनवरच्या मुलीला रोज फोन करून सांगायची, दोन नाही, चार. चार नाही, सात. एक दिवस ती बिचारी हळूच म्हणाली, "मॅडम, ती दोघांची नाव होती ना, तिच्यात एवढे बसणार नाहीत. मोठी करू?" मी म्हटलं, कर. आणि काउंटरखाली वाकून डोळे पुसले. समोर बाई रिपोर्ट मागत होती, तिला वाटलं तिच्याच रिपोर्टमध्ये काही आहे, ती घाबरली. तिला समजावता समजावता मलाच बरं वाटलं.

पण राग गेला नव्हता. राग नानांचा नव्हता, खरं सांगते. राग यांचा होता. हे झोपेत घोरत असायचे आणि माझ्या मनात आपलं चालू असायचं, की यांनी ते चुकून म्हटलं की मुद्दाम? भिकनभाऊंना 'चला ना' म्हणताना यांचा आवाज वेगळा असतो, वरवरचा, पाहुण्याला पाटावर बसवतात तसा. नानांना म्हणाले तेव्हा तो तसा नव्हता. त्यात काकुळती होती. जणू कुणीतरी या, मला एकट्याला पाठवू नका. कुणाबरोबर एकट्याला? माझ्याबरोबर! हे एकदा डोक्यात शिरलं आणि मग प्रत्येक गोष्टीत तेच दिसायला लागलं. शिर्डीला नाना येणार नाहीत म्हटल्यावर यांनी बेत रद्द केला होता, तो का? रूपाली पुण्याला गेली त्या दिवशी हे दुकान बंद झाल्यावरही दुकानातच बसून राहिले होते, ते का? घरात मी एकटी होते म्हणून? मी यांच्यासमोर आरशात बघितलं. आता माझ्यात घाबरण्यासारखं काय आहे? आवाज मोठा आहे, ते कबूल. पण मी काही खाणार होते का यांना? त्या नावेतल्या खोलीच्या खिडकीत बसून मला फक्त एवढंच बघायचं होतं, की मध्ये कुणी नसलं तर आम्ही कसे दिसतो. आणि माझ्या मनात, अगदी तळाशी, हेही होतं, की न जाणो, आम्ही मुळी दिसतच नसलो तर?

मग दुसरा रविवार. सगळं पक्कं करायला नानांच्या अंगणात बसायचं ठरलं. आम्ही पोचलो तर नाना अंगणात फेऱ्या मारत होते, पायात नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. आयुष्यभर चपला घातलेला माणूस, बुटांची सवय व्हावी म्हणून घरातल्या घरात चालत होता, टाचा चावत होत्या म्हणून मध्येच थांबत होता. मी ठरवून आले होते की आज वहिनीशी बोलेन, ते बूट बघून तेही राहिलं. स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला, दाराला सांगितलं. बाहेर नाना नावेची व्यवस्था लावत होते. कुणी कुठं बसायचं. नानांचा आवाज मोठा, सगळं आत ऐकू येत होतं. "नावमा मी नि योगराज पुढे बसूत. बाया मांगे बसतीन." हे म्हणाले, "हं."

कपबशा माझ्या हातात होत्या. मी कधी उंबरा ओलांडला, कधी अंगणात जाऊन उभी राहिले, मला आठवत नाही. पदर होता डोक्यावर, तेवढं आठवतं. आणि आईच्या घरची, लहानपणची अहिराणी माझ्या तोंडात आली, जी मी लॅबमध्ये बसायला लागल्यापासून फारशी बोलत नाही. मी नानांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "नाना, माले यास्ना जोडे बसानं शे."

मला यांच्याजवळ बसायचंय. बाई गं! अंगणात सगळं बंद पडलं. हे खुर्चीत असे आक्रसले की खुर्चीच रिकामी दिसावी. नानांनी सवयीनं आभाळाकडे बघितलं, आभाळाला विचारलं, "काय म्हनी राहिनी ती?" मागून वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली होती. ती म्हणाली, "वर काय दखतस? तुम्हले सांगी राहिनी. तुम्हीच आयका." नाना माझ्याकडे वळले. खरंच वळले. इतक्या वर्षांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले, घारे आहेत. म्हणाले, "मंग बस ना. मी काय मधमा बसी राह्यनू का?" आता इथं थांबायचं ना मी? पण धरण फुटलं होतं. मी म्हटलं, "हां नाना. तुम्ही मधमाच बसी राह्यनात. बठ्ठा फोटोमा तुम्हीच मधमा शेत." सगळ्याच्या सगळ्या फोटोंत!

आधी वहिनी हसली. अशी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग नाना. नानांचं हसणं आधी पोटात गुडगुडतं, मग खांदे हलतात, मग ठसका लागतो. यांनी उठून पाणी दिलं. पाणी पिऊन, डोळे पुसून नाना म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी बुटांकडे बघून म्हटलं, "इतला साल व्हई गयात, बठ्ठा माले म्हनतस, चला ना, चला ना. मी म्हनस, नको बा. मन म्हने, एकदाव हो म्हनीसन दखूत." त्यांनी बुटाची नाडी नीट केली. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी म्हणणारच होते, नाना, राहू द्या, चला तुम्ही, बसा मध्ये. तोंड उघडलंसुद्धा. पण वहिनीनं माझं मनगट धरलं, चांगलं आवळून. "आम्ही बी जासूत," ती म्हणाली. "आखाजी व्हवू दे." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. "पन आम्ही बी दोघंच." नानांचं तोंड बघण्यासारखं झालं. "दोघंच?" ते म्हणाले. सातपुड्यात वाघ दिसल्यावर म्हणावं तसं. "मंग मी तठे काय बोलू?" वहिनी म्हणाली, "बूट लिधात ना? चाला नुसता." मग नाना माझ्याकडे वळून, थेट माझ्याकडे, म्हणाले की तुम्ही आधी जाऊन या, आणि त्या लाल केळीचा एक कंद मात्र आणा, ओल्या पोत्यात गुंडाळून. मी म्हटलं, "आनस, नाना." दाराला नाही, त्यांना.

परत येताना गाडी तापीच्या पुलावर आली आणि यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. माझंही तोंड तयार होतं. हे उतरले, कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी पण गेले. ऊन कलतीचं होतं, पाणी भरपूर होतं. हे म्हणाले, "इथंच बस बंद पडली होती." आता म्हणतील, समुद्र म्हणतील. हे म्हणाले, "तुझ्या चपलेचा पट्टा तुटला होता." काय? "मी ती पिशवीत टाकली. तू अनवाणी चालली. डांबर तापलं होतं, तू एकदाही बोलली नाही. मला इतकं लागलं होतं ते. मला वाटलं, हिला आपण कुठं आणून सोडलं." मला चप्पल आठवतच नव्हती. खरं सांगते, आजही आठवत नाही. मी म्हटलं, "आणि समुद्राचं? सुरतेचं?" हे म्हणाले, "कसलं सुरतेचं?" घ्या! इतकी वर्षं मी यांचं एक वाक्य जपून ठेवलं आणि यांनी माझी एक चप्पल.

मग मी विचारून टाकलं. नानांशी बोलले होते, आता कुणाची भीती होती? "नानांना मुद्दाम म्हटलं ना तुम्ही, चला ना?" एक ट्रक गेला, पूल हलला. "घाबरलो होतो," हे म्हणाले. "तू डोंगर बघशील, समुद्र बघशील. आणि मग माझ्याकडे बघशील. मी काय बोलू तुझ्याशी इतके दिवस? मला नळ्यांशिवाय काय येतं? दोन दिवसांत कंटाळशील माझा." एवढं लांब यांना मी आजवर बोलताना ऐकलं नव्हतं. मला यांचा इतका राग होता, तो कुठं गेला कोण जाणे. मी म्हटलं, "तुम्ही काही बोलू नका हो. मी आहे ना बोलायला. तुम्ही नुसतं शेजारी बसा." हे म्हणाले, "हं." पण हा हं वेगळा होता, मला कळतो आता.

सोमवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून आम्ही त्या फोनवरच्या मुलीच्या ऑफिसात गेलो. बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर, लहानसंच. तिला वाटलं आणखी माणसं वाढली. तिनं भीत भीत विचारलं, "आता किती जण, मॅडम?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. यांच्याकडे बघितलं. यांनी घसा खाकरला. "दोघंच," हे म्हणाले, आणि वर खुलासा करावा तसं म्हणाले, "आणि येताना एक केळीचा कंद." ती मुलगी हसली. मुन्नार परत आलं, लहान नाव परत आली, खिडकी परत आली.

जिना उतरताना समोरून भिकनभाऊ. "काय योगराजभाऊ, जोडीनं? कुठं चालले?" हे थांबले. "केरळला," हे म्हणाले. आणि मी कठडा धरला. कारण आता ते वाक्य येणार होतं. यांच्या ओठांवर ते आलेलंच मला दिसत होतं, जन्मभराची सवय आहे, ती कुठं जाणार? भिकनभाऊही थांबले होते, हात छातीशी निम्म्यावर आलेला, मान थोडी कलती. यांनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं, मग भिकनभाऊंकडे. "येतो जाऊन," हे म्हणाले. बस्स, तेवढंच. भिकनभाऊ वाट बघत राहिले. आम्ही पण उभे. जिन्यात खालच्या टपरीवरच्या चहाचा वास येत होता. शेवटी त्यांचा हात छातीला लागलाच. "नको बा," ते म्हणाले, मनापासून, "आमचं कुठं जमतंय. जा तुम्ही."

हे "हो, हो" म्हणाले, आणि आम्ही दोघं रस्त्यावर येईपर्यंत कसंबसं हसू दाबून धरलं.